कारणाचा रकाना

पोलीस एखाद्याला वैद्यकीय तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालयात आणतात तेव्हा त्यांच्या हातात एक कागद असतो, त्याला आमच्याकडे ‘यादी’ म्हणतात. कोणाला आणले, कुठून आणले आणि डॉक्टरांनी काय तपासून द्यावे, एवढाच मजकूर तिच्यात अपेक्षित असतो. गेल्या वर्षी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी साडेदहाच्या सुमारास माझ्या टेबलावर जी यादी आली, तिच्यात मात्र निष्कर्षही आधीच लिहिलेला होता: ‘सदर इसम हा गांजाच्या नशेत गावात धिंगाणा घालीत असताना मिळून आला.’ खाली शिक्का आणि सही होती. मी अजून त्या इसमाचे तोंडही पाहिलेले नव्हते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकरा वर्षांपासून वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करतो. मी मनोविकारतज्ज्ञ नाही. सर्पदंश, विषबाधा, बाळंतपण, अपघात आणि थंडीताप पाहणारा साधा एमबीबीएस डॉक्टर आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक ठरलेल्या दिवशी आमच्याकडे येते, परंतु तो दिवस त्या पथकाचा नव्हता.

बाहेर गलका होता. दोन शिपाई, एक जमादार, गावातली सातआठ माणसे आणि त्यांच्या मध्ये एकोणीस वर्षांचा सडपातळ मुलगा, ज्याचे हात बैलाच्या कासऱ्याने मागे बांधलेले होते. पहाटे तो गावाबाहेरच्या डीपीचे, म्हणजे विजेच्या वितरण पेटीचे, झाकण दगडाने उघडण्याचा प्रयत्न करीत होता. शेतात ओलिताला जाणाऱ्या एकाने त्याला पाहिले, आरडाओरडा केला, म्हणून तो वाचला. आदल्या आठवड्यात त्याने दोन शेजाऱ्यांच्या मोटरपंपाच्या वायरी कापल्या होत्या, त्याचा राग लोकांच्या मनात होताच. लोकांनी त्याला लिंबाच्या झाडाला बांधले, ठाण्यात फोन केला आणि झडतीत त्याच्या पॅन्टच्या खिशात गांजाची पुडी सापडली. वजन पंचाहत्तर ग्रॅम भरले. पुडी सापडल्याबरोबर गावाच्या दृष्टीने सगळ्या गोष्टींचा उलगडा झाला. यादीतले वाक्य त्या उलगड्यातून आलेले होते.

मी कासरा सोडायला सांगितला. जमादार म्हणाले, “सर, पळून जाईन तो.” मी म्हणालो, “जमादारसाहेब, दाराशी तुम्ही उभे राहा, पण हात मोकळे केल्याशिवाय मी नाडी कशी पाहू?” मनगटांवर दोराचे लाल वळ उमटले होते आणि एका ठिकाणी कातडी सोलली गेली होती. ते मी नोंदवहीत मोजमापासह लिहिले, कारण पोलिसांनी मागितले नसले तरी दिसलेली प्रत्येक जखम लिहिणे हे तपासणाऱ्या डॉक्टरचे काम असते.

त्याला बाजूच्या ड्रेसिंगच्या खोलीत घेतले आणि गर्दी बाहेर काढली. पायांवर काळ्या मातीचा थर वाळलेला, ओठ फुटलेले, डोळे लाल. ताप नव्हता. डोक्याला मार नव्हता. बोटातून थेंब घेऊन साखर पाहिली, ती 96 निघाली. नाडी मात्र 118 होती. मी विचारलेल्या प्रश्नांना तो उत्तर देत नव्हता. परिचारिकेने सांगितले, “सर, त्याच्या कानात काहीतरी आहे.”

दोन्ही कानांत कापूस कोंबलेला होता. रुग्णालयातला पांढरा, धुतलेला कापूस नव्हे, शेतातल्या वेचणीचा, पातीचा कचरा लागलेला, सरकीसकट. उजव्या कानातला बोळा बोटांनी निघाला. डाव्या कानात त्याने तो इतका आत दाबला होता की सरकी नळीत अडकून बसली होती आणि भोवतालची कातडी सुजली होती. डोक्याला दिवा बांधून, बारीक चिमट्याने, एकेक धागा सोडवीत मला ती काढायला पंधरा मिनिटे लागली. इतका वेळ तो जराही हलला नाही. चिमट्यात धरलेली सरकी मी त्याला दाखवली, तेव्हा त्याने ती तळहातावर घेतली, कान वळवून क्षणभर ऐकले आणि माझ्याशी पहिले वाक्य बोलला: “अजून बोलूनच रायले, साहेब.”

“कोण बोलून रायले, बाबू?”

“दोघं जन. डीपीतून बोलते. माया बापाचा हिशेब करते रातभर.”

त्यानंतर त्याने बरेच काही सांगितले. डीपीतून निघून ते आवाज वायरीने घरापर्यंत येत, म्हणून त्याने शेजाऱ्यांच्या वायरी कापल्या होत्या. डीपी बंद केली म्हणजे ते थांबतील, असा त्याचा हिशेब होता. मी आजची तारीख विचारली, ती त्याने बरोबर सांगितली. कोणत्या गावी आहोत, मी कोण, बाहेर कोण उभे आहेत, हेही त्याला ठाऊक होते. वैद्यकीय दृष्टीने हे महत्त्वाचे असते. शरीराच्या आजाराने किंवा जबर नशेने मेंदू भ्रमित होतो तेव्हा माणसाचे स्थळकाळाचे भान सुटते. ज्याचे भान शाबूत आहे, परंतु ज्याला इतरांना न ऐकू येणारे आवाज आठवडेच्या आठवडे ऐकू येतात, त्याची गोष्ट वेगळी असते. गांजाची नशा काही तासांत उतरते. हे आवाज किती दिवसांपासून येतात, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “पऱ्हाटी पेरली तवापासून.” म्हणजे कापसाच्या पेरणीपासून, जून.

मी पुन्हा यादी पाहिली. ‘गांजाच्या नशेत.’ जूनपासून जानेवारीपर्यंत कोणाचीही नशा टिकत नसते.

इथे मला थोडे मागे जावे लागेल. इंटर्नशिपच्या काळात नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात, जे 1864 सालापासून चालू आहे आणि ज्याला आमच्या भागात अजूनही सगळे पागलखाना म्हणतात, मी काही दिवस होतो. तिथल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी आम्हाला इंग्रज सरकारने 1893 साली नेमलेल्या भांग-गांजा आयोगाची हकीकत सांगितली होती, आणि पुढे मी त्या अहवालातला संबंधित भाग स्वतः वाचला. गांजा पिऊन माणसे वेडी होतात आणि वेड्यांची इस्पितळे अशांनी भरली आहेत, अशी ओरड तेव्हाही होती. आयोगाने ती ओरड नुसती ऐकून सोडून दिली नाही. 1892 या एका वर्षात देशभरच्या वेड्यांच्या इस्पितळांत ज्यांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून भांग, गांजा किंवा चरस लिहिलेले होते, अशी 222 प्रकरणे त्यांनी एकेक करून पुन्हा तपासली. त्यांतली 98 टिकली, आणि त्या 98 पैकीही अनेकांत दुसरी कारणे मिसळलेली होती. उरलेल्यांच्या बाबतीत काय झाले होते? रोग्यासोबत पोलिसांकडून आलेल्या कागदावर गांजा असे लिहिलेले असे आणि इस्पितळातला कारकून वहीच्या ‘कारण’ या रकान्यात तेच उतरवून घेई. कोणी घरच्यांना विचारलेले नसे. रकाना रिकामा ठेवायचा नसतो, म्हणून तो भरला जाई.

त्या अहवालाने माफक सेवनाने मनाला अपाय होत नाही, असाही निष्कर्ष काढला होता, आणि गांजा मोकळा करा म्हणणारे लोक तेवढेच वाक्य आजही पुढे करतात. अतिसेवनाने मनाला इजा होऊ शकते आणि ज्याचे मन मुळात दुबळे आहे त्याला ती अधिक होते, हे त्याच अहवालातले म्हणणे ते गाळतात. मला मात्र त्यातले सर्वांत मोलाचे काम त्या 222 कागदांची फेरतपासणी हेच वाटत आलेले आहे. त्या दिवशी माझ्या टेबलावर तसाच कागद होता, आणि खाली मलाही एक रकाना भरायचा होता.

मुलाचे वडील दाराशी भिंतीला टेकून उभे होते, आई पायरीवर बसली होती. मी तिला आत बोलावले. ती चारदा “काई नाई जी” म्हणाली. मग मी जमादारांना चहा प्यायला पाठवले, दार लोटले आणि पुन्हा विचारले. तेव्हा ती बोलायला लागली.

मुलगा अकरावीत असताना गावच्या पोरांबरोबर चिलीम ओढायला शिकला होता, तेव्हा त्याचे वय सोळा असावे. नंतर तंत्रनिकेतनाला नागपुरात खोली करून राहिला आणि तिथे ते रोजचे झाले. मागच्या एप्रिलमध्ये परीक्षा न देताच तो परत आला. रात्र रात्र अंगणात फिरे, जेवण टाकून उठे, बापाकडे रागाने पाही. तिने ओळखले होते. वैशाखात त्याच्या पिशवीत पुडी सापडली, ती तिने चुलीत टाकली आणि नवऱ्यालाही सांगितले नाही. कारण आदल्या वर्षी शेजारच्या गावात एकाने तुरीच्या ओळीत गांजाची झाडे लावली होती, ती पोलिसांनी उपटून नेली, त्या माणसाचा झाडांसकट फोटो पेपरात आला आणि तो अजून आत आहे. “तवापासून तो शबदच घरात काढ्याले भेव लागे, साहेब.”

मग ती जे म्हणाली, ते मी विसरू शकत नाही. “मी आनलं होतं न याले तुमच्याकडं, उन्हाळ्यात. तुमी गोया देल्ल्या. सांगाचं होतं तुमाले, पन बाहेर बाकावर पोलीसवाला बसला होता.”

मी बाह्यरुग्ण विभागाची जुनी वही काढायला सांगितली. मे महिन्यातली नोंद सापडली, अक्षर माझे होते. तक्रार: झोप न येणे. कारण: ताण. उपचार: झोपेच्या गोळ्या, पाच दिवस. त्या दिवशी एकशे ऐंशी रुग्ण झाले होते, परंतु ही सबब मी माझ्यापुरतीही पुरेशी मानत नाही. दारू पितो का, एवढे मी विचारले होते असे ती म्हणाली, आणि तो पीत नव्हता म्हणून तिने नाही सांगितले, ते खरेच होते. गांजा ओढतो का, असे मी विचारले नाही. कानात काही ऐकू येते का, असेही विचारले नाही. दार उघडे होते. बाहेरच्या बाकावर बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी कामाची यादी घेऊन आलेला शिपाई बसला असणार, कारण आमच्या बाकावर कोणी ना कोणी शिपाई नेहमीच असतो. मीही त्या दिवशी कारणाचा रकाना कारकुनासारखाच भरला होता. मानसिक आजाराची लक्षणे सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत जितका काळ जातो तितका पुढे आजार आटोक्यात येणे कठीण होत जाते, हे मला पुस्तकातून माहीत होते. या मुलाचे आठ महिने गेले होते, त्यांतला काही वाटा आईच्या भीतीचा होता आणि काही माझ्या न विचारलेल्या प्रश्नांचा.

मी तिला आणखी एक प्रश्न विचारला, जो मेमध्येच विचारायला हवा होता: घरात, माहेरी, कोणाला असे काही झाले होते का? ती बराच वेळ गप्प राहिली. तिचा थोरला भाऊ बाविसाव्या वर्षी ‘भरमिष्ट’ झाला होता. देवऋषी झाले, दर्गा झाला, शेवटी सहा महिने नागपूरच्या पागलखान्यात होता आणि एके दिवशी घरातून निघून गेला, तो पुन्हा आला नाही. त्याने आयुष्यात बिडीसुद्धा ओढली नव्हती.

दुपारी बारापर्यंत मुलाची अस्वस्थता वाढली. तो खिडकीतून दिसणाऱ्या विजेच्या खांबाकडे बोट करून ओरडू लागला आणि दोनदा दाराकडे धावला. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम 94 अशा वेळी कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला, केवळ मनोविकारतज्ज्ञालाच नव्हे, बहात्तर तासांपर्यंत तातडीचा उपचार करण्याची मुभा देते, मात्र जवळचा माणूस हजर असल्यास त्याची संमती घ्यावी लागते. आईने अंगठा नव्हे, सही केली, सावकाश, पूर्ण नाव लिहून. हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन यांचे इंजेक्शन दिले, परिचारिका त्याच्या उशाशी बसून राहिली आणि अर्ध्या तासात तो झोपला. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागाशी फोनवर बोललो, त्यांनी पाठवून द्यायला सांगितले. 108 ची रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली होती आणि ती यायला तीन तास लागणार होते.

त्या तीन तासांत ड्युटीच्या खोलीत जी चर्चा झाली, तशी चर्चा गांजाचे नाव निघाले की सगळीकडेच होते. जमादार चांगले गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले. त्यांचे म्हणणे सरळ होते: पुडी सापडली म्हणजे गुन्हा झाला, 1985 चा अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा आहे, कारवाई केली नाही तर उद्या गावच त्यांना विचारील. आमचे तरुण आयुष सहकारी दुसऱ्या टोकाला होते. आयुर्वेदात ती विजया आहे, शिवरात्रीला भांग चालते, कॅनडाने 2018 मध्ये आणि जर्मनीने 2024 मध्ये दारे उघडली, 2020 च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्यासाठी जे मतदान झाले त्यात भारतानेही बाजूने मत दिले, मग आपल्याकडे पोरांना बेड्या कशाला? औषध विभागातले काका म्हणाले की त्यांच्या गावचा एक बुवा पन्नास वर्षे चिलीम ओढतो आहे आणि ठणठणीत आहे.

मी नेहमी अशा चर्चेत फार बोलत नाही. त्या दिवशी बोललो.

बुवाचे उदाहरण खोटे नाही. गांजा ओढणाऱ्या बहुसंख्य लोकांना मनोविकार होत नाही, हे कबूल केल्याशिवाय या विषयावर प्रामाणिकपणे बोलताच येत नाही. पण स्वीडनमध्ये 1969-70 साली सैन्यभरतीला आलेल्या 45,570 तरुणांचा पुढे पंधरा वर्षे मागोवा घेतला गेला, आणि अठराव्या वर्षापर्यंत ज्यांनी पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा-चरस ओढले होते त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळले. तो अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त ओढणाऱ्या त्या गटातसुद्धा बहुतेकांना आजार झाला नाही, आणि तरीही सहापट म्हणजे सहापटच. 2019 मध्ये युरोपातील शहरे आणि ब्राझील मिळून झालेल्या अभ्यासात रोज ओढणाऱ्यांना मनोविकृतीचा धोका सुमारे तिप्पट आणि रोज जहाल माल ओढणाऱ्यांना जवळपास पाचपट दिसला. बुवा पन्नास वर्षांपूर्वी जे ओढत होते आणि आज नागपुरातल्या खोलीत पोरगा जे ओढतो, त्यातल्या टीएचसीचे, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचे, प्रमाण एकच असेल असे धरून चालता येत नाही. बुवांनी कोणत्या वयात सुरुवात केली, त्यांचा मामा कसा होता, हे काकांनी विचारले होते का? धोका ठरतो तो या गोष्टींवर: कोवळे वय, रोजचे ओढणे, मालाचा जहालपणा आणि रक्तातली ओढ.

आणि आपला कायदा काय मोजतो? वजन. एक किलोहून कमी गांजा म्हणजे अल्प प्रमाण, एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर गेले की व्यापारी प्रमाण, दहा ते वीस वर्षे. मधले जे असेल त्याला दहा वर्षांपर्यंत. व्यापाऱ्याला पकडण्यासाठी तराजू हवाच, त्यावर माझा आक्षेप नाही. पण खिशात पुडी असलेल्या मुलाकडे तराजूने पाहून काय कळणार? माझ्या सहकाऱ्यांना मी सांगितले की ज्या देशांची ते नावे घेतात, त्यांनी दारे सरसकट उघडलेली नाहीत. कॅनडात प्रांताप्रमाणे अठरा किंवा एकोणीस वर्षांखाली विक्रीला बंदी आहे आणि क्वेबेकने 2020 पासून ती मर्यादा एकवीसवर नेली. जर्मनीतल्या सभासद-मंडळांना अठरा ते एकवीस वयाच्या सभासदांना दहा टक्क्यांपेक्षा जास्त टीएचसी असलेला गांजा देता येत नाही. म्हणजे त्यांचा कायदा निदान वय आणि जहालपणा विचारतो. आमचा मुलगा तिथल्या कुठल्याही दुकानात सोळाव्या वर्षी गिऱ्हाईक म्हणून उभा राहू शकला नसता. इथे बंदी असूनही त्याला सोळाव्या वर्षी चिलीम मिळाली, आणि बंदीमुळेच त्याच्या आईला डॉक्टरसमोर तोंड उघडता आले नाही. उद्या दुकाने उघडावीत असे मी अजिबात म्हणत नाही. दारूच्या दुकानांनी या जिल्ह्याचे काय केले ते मी रोज पाहतो. पण रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना कायद्याचे भय वाटू नये, इतके तरी करता येणे शक्य आहे, कारण ती वाट कायद्यातच आहे.

जमादारांनी विचारले, “कोणती वाट?” मी मोबाइलवर एनडीपीएस कायद्याचे कलम 64अ काढून त्यांना वाचून दाखवले. व्यसनी व्यक्तीवर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल आणि ती स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी व्यसनमुक्तीचा उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकते. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. तीस वर्षांच्या नोकरीत हे कलम त्यांना कोणी दाखवले नव्हते, असे ते म्हणाले. मग त्यांनी एका शब्दावर बोट ठेवले. “सर, इथं ‘स्वेच्छेने’ म्हटलं आहे. हा तर झोपला आहे.”

अगदी बरोबर ठिकाणी त्यांनी बोट ठेवले होते. ज्याला डीपीतून बापाचा हिशेब ऐकू येतो, तो स्वेच्छेने काय मागणार? ज्या मनाने उपचार मागायचे तेच मन आजारी आहे. दुसरीकडे मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम 100 सांगते की आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका निर्माण करणाऱ्या व्यक्तीला पोलिसांनी संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यावे आणि कोणत्याही परिस्थितीत तिला कोठडीत ठेवू नये. एकच मुलगा, एकाच सकाळी, एका कायद्याने आरोपी होता आणि दुसऱ्या कायद्याने संरक्षित. जमादारांनी ठाणेदारांना फोन लावला, बाहेर जाऊन बराच वेळ बोलले आणि परत येऊन म्हणाले की गुन्हा नोंदवावाच लागेल, मुद्देमाल जप्त आहे, पण अटक आज नाही. तुम्ही तुमचे मत लेखी द्या.

मी दिले. त्यासाठी मला तासभर लागला, कारण अभिप्रायाच्या नमुन्यात शेवटी तो रकाना होता. ‘गांजाच्या नशेत’ हे मी खोडले. त्याऐवजी असे लिहिले की तपासणीच्या वेळी रुग्णाचे स्थळकाळाचे भान शाबूत आहे, त्याला सुमारे आठ महिन्यांपासून भास आणि संशयाचे विकार आहेत, तीन वर्षांपासून गांजाचे सेवन आहे, मातृकुळात गंभीर मानसिक आजाराचा इतिहास आहे, यांपैकी कोणत्याही एका गोष्टीला आज कारण ठरवता येणार नाही, आणि त्याला तातडीने मनोविकारतज्ज्ञाच्या उपचारांची गरज आहे. रकान्यात जागा एका ओळीची होती. उरलेला मजकूर मी कागदाच्या मागे लिहिला आणि तिथेही सही-शिक्का केला.

साडेतीनला रुग्णवाहिका आली. जमादारांनी एक शिपाई सोबत दिला, साध्या कपड्यांत. ती सूचना माझी नव्हती, त्यांनीच केली.

मुलगा यवतमाळला एकोणीस दिवस होता. दुसऱ्या आठवड्यानंतर आवाज मंदावले. मन थोडे स्थिर झाल्यावर त्याने स्वतःच्या हाताने उपचारासाठी अर्ज लिहून सही केली, आणि तालुका विधी सेवा समितीने दिलेल्या वकिलांनी तो न्यायालयात लावला. सुट्टीच्या कार्डावर निदानापुढे ‘तात्पुरते’ असा शब्द होता. गांजा थांबल्यावर साधारण महिन्याभरात लक्षणे गेली तर एक अर्थ निघतो, राहिली तर दुसरा, म्हणून तज्ज्ञांनीही घाई केली नव्हती. पाच आठवड्यांनी तो माझ्याकडे आला तेव्हा गांजा पूर्ण बंद होता आणि तरी संध्याकाळी दिवे लागले की एक आवाज, दोन नव्हे, अजून हळूच येत होता. रिस्पेरिडोनची गोळी चालू होती.

त्या दिवशी वडील पहिल्यांदा माझ्याशी बोलले. “साहेब, एक सांगा. हे गांज्यानंच झालं का?” त्यांना हो किंवा नाही हवे होते, आणि त्यांचा तो हक्कही होता. मी त्यांना विचारले, “काका, तुमच्या पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी पडली, त्या वर्षी कशाने पडली होती? बियाण्याने, पेरणी चुकल्याने, की आदल्या सालची फरदड शेतात ठेवल्याने?” हंगाम संपल्यावरही शेतात राखलेल्या पऱ्हाटीला फरदड म्हणतात. ते विचार करीत राहिले. “समद्यानंच थोडं थोडं.” मग बऱ्याच वेळाने म्हणाले, “बियानं आपल्या हातचं नाई. फरदड उपटनं हातचं हाय.” मुलगा बाजूलाच बसला होता, त्याने मान हलवली.

आता तो दर महिन्याला येतो. गोळ्या तीस दिवसांच्या मिळतात, आणि प्रत्येक वेळी मी उपचार अखंड चालू असल्याचा दाखला देतो, कारण खटला अजून संपलेला नाही आणि तारखेला तो कागद लागतो. मी बाह्यरुग्ण विभागातला बाक दारापासून हलवून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवला आहे. या महिन्याची तारीख 17 ला आहे आणि गोळ्या 16 पर्यंत पुरणाऱ्या आहेत, म्हणून मायलेकांना मी गोळ्या संपण्याच्या एक दिवस आधी, पंधराला बोलावले आहे. त्या दिवशी पथकही येते.